दाण्याच्या फेसवॉशमधलं प्लॅस्टिक घरातनं, पार्लरातनं आणि दुकानातनं कसं बाहेर काढायचं

आमचं सांगलीत कटलरीचं दुकान आहे, म्हणजे बांगड्या, टिकल्या, पिना, पावडर, फेसवॉश असलं सगळं. दिवाळीच्या तोंडावर पुतणी कॉलेजातनं येताना दुकानात टेकली आणि गिऱ्हाईक नव्हतं म्हणून टेस्टरची ट्यूब उघडून हातावर चोळत बसली, निळे निळे दाणे होते त्यात. "काकू, हे दाणे कशाचे गं?" मी म्हटलं असतील अक्रोडाचे नाहीतर कसले तरी, सेल्समन नॅचरल म्हणून देऊन गेलाय. तिनं मोबाईलचा कॅमेरा झूम करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, पॉलिएथिलीन लिहिलंय, म्हणजे आपली कॅरीबॅग असते ना तेच. शेजारच्याच फळीवर उटण्याची पाकिटं रचून ठेवलेली. हळदीच्या गावात राहून मी लोकांना तोंड घासायला प्लॅस्टिक विकत होते, आणि तेही उटण्याच्या पाचपट दरानं.

त्यानंतर वर्षभर यात डोकं घातलं, जे जमलं ते लिहितेय. चुका पण केल्या, त्या पण सांगते.

आधी थोडक्यात, प्रकार काय आहे. हे मणी पाच मिलिमीटरपेक्षा लहान असतात म्हणून मायक्रोबीड्स, प्रत्यक्षात तर रव्याच्या कणापेक्षाही बारीक असतात बरेचसे. बहुतेक पॉलिएथिलीनचे, कधी पॉलिप्रॉपिलीन, कधी नायलॉन. कंपन्यांना ते का आवडतात तर स्वस्त, गोल, एकसारखे, वास नाही, किडत नाहीत, हवा तो रंग देता येतो. आता यातली गंमत बघा, बाकीचं प्लॅस्टिक निदान वापरून मग कचऱ्यात जातं, हे बनवलंयच मोरीत सोडायला. तोंडावर अर्धा मिनिट आणि मग कायमचं गटारात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठानं २०१५ मध्ये मोजलं होतं, स्क्रबच्या एका वापरात ४,५९४ पासून ९४,५०० पर्यंत मणी सुटू शकतात. एका वेळच्या तोंड धुण्यात हां!

सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट असला तरी तो यातले बरेचसे अडवतो, सगळे नाही, आणि अडवलेले जातात गाळात, तो गाळ खत म्हणून शेतात टाकला की परत मातीत. आणि प्लांटच नसला तर बोलायलाच नको. शेरीनाला, म्हणजे गावाचं सांडपाणी कृष्णेत नेणारा आमचा नाला, सांगलीकराला समजावून सांगायला लागत नाही. आपली कृष्णा महाबळेश्वरातनं निघून वाई, कराड करत खाली येते, वरच्यांनी सोडलेलं आपण पितो, आपण सोडलेलं हरिपूरच्या संगमावरनं पुढं नरसोबाच्या वाडीला आणि तिथनं आलमट्टीकडं. मासा हे मणी खाणं समजून गिळतो आणि असल्या कणांना पाण्यातली कीटकनाशकं वगैरे चिकटून बसतात, ती पण त्याच्यासोबत पोटात.

आता खरं ते सांगते, नाहीतर कोणीतरी म्हणणारच की एवढ्याशा फेसवॉशनं काय होतंय. बरोबर आहे. निसर्ग रक्षणाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेचा २०१७ चा अहवाल आहे, समुद्रात असे बारीक कणांच्या रूपातच जाणारं जे प्लॅस्टिक आहे त्यात साधारण ३५ टक्के सिंथेटिक कपडे धुण्यातनं, २८ टक्के गाड्यांच्या टायरांच्या झिजेतनं आणि कॉस्मेटिकचा वाटा फक्त २ टक्के. पण टायर बंद करता येत नाही हो, पॉलिस्टरची साडी पण कोण सोडणाराय. हे मात्र आज बंद केलं तरी कोणाचं काही अडत नाही, म्हणून इथनं सुरुवात.

डब्यामागचं वाचायचं कसं

पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडून द्या. "नॅचरल", "हर्बल", पानाचं चित्र, जर्दाळूचं चित्र, या कशावरनं काहीच ठरत नाही. मागं घटकांची यादी असते, ती इंग्रजीतच आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाचा. जास्त असलेला घटक आधी आणि कमी असलेला नंतर अशा क्रमानं लिहितात, पण एक टक्क्याच्या खालचे शेवटी कुठल्याही क्रमानं टाकलेले चालतात, म्हणून यादी शेवटपर्यंत वाचायची.

शोधायची नावं ही: पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट (याचंच पीईटी, पाण्याची बाटली असते ते), पॉलिमिथाईल मेथाक्रिलेट (पीएमएमए), पॉलियुरेथेन, आणि नायलॉन, त्याच्यापुढं सहा किंवा बारा आकडा असतो. लिपस्टिक, फाउंडेशनमध्ये पण यातली काही सापडतील, तिथं ती घासायला नसतात तर मऊ लागावं म्हणून पावडरीसारखी घातलेली असतात. चमकीवाल्या मालातली चमकी म्हणजे पण बहुतेक वेळा पीईटीच.

इथं मी पहिली चूक केली. "पॉली" दिसलं की उचल आणि बाजूला ठेव असा सपाटा लावला, अर्धं दुकान रिकामं व्हायची वेळ आली. पुतणीनं येऊन थांबवलं. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, ज्याला पीईजी लिहून पुढं आकडा असतो, ते मणी नव्हेत, ते पाण्यात विरघळणारं असतं. पॉलिसॉर्बेट म्हणजे तेल आणि पाणी एकजीव करायचं साधन. शाम्पूत पॉलिक्वाटरनियम असतं, तेही दाणे नव्हेत. म्हणजे पॉलिएथिलीन शब्दापुढं ग्लायकॉल आहे का नाही एवढं नीट बघायचं, नाहीतर माझ्यासारखं होईल, नवऱ्यानं अजून चिडवणं सोडलेलं नाही.

टूथपेस्टचं विचारतात बायका. घासण्यासाठी त्यात बहुतेक वेळा सिलिका किंवा चुनखडीची पूड असते, ते प्लॅस्टिक नाही. पण रंगीत ठिपके असतील तर यादी बघाच, २०१४ च्या सुमारास अमेरिकेत पेशंटांच्या हिरड्यात निळे कण अडकलेले सापडायला लागले आणि ते टूथपेस्टमधले पॉलिएथिलीनचे निघाले, मग कंपनीला ते काढावे लागले.

घरी टेस्ट

लेबल फाटलंय, किंवा पार्लरमधला किलोचा डबा आहे ज्यावर काहीच नाही, किंवा तुमचा विश्वासच नाही, तर हे करा. फार काही लागत नाही.

एक चमचा स्क्रब स्टीलच्या ग्लासात घ्या, कोमट पाणी घालून ढवळा. गाळायला चहाची गाळणी घेऊ नका, त्यातनं बारीक मणी सरळ खाली जातात (मी पहिल्यांदा तेच केलं आणि म्हटलं, नाही ग बाई यात काही). जुन्या सुती पंचाचा नाहीतर रुमालाचा तुकडा घ्या, दोन पदरी. फेस जाईपर्यंत तीन-चार वेळा पाणी ओतून धुवा, हे महत्त्वाचं आहे कारण फेसाचे बुडबुडे चिकटले की अक्रोडाचं टरफल पण तरंगायला लागतं आणि आपला गोंधळ होतो. फडक्यावर काहीच राहिलं नाही तर ते मीठ किंवा साखर होती, विषय संपला.

राहिलं तर बोटानं चिरडून बघा. काही रंगीत गोळ्या नुसत्या दाबल्या तरी फुटतात, मऊ पडतात, त्या प्लॅस्टिकच्या नव्हेत. न फुटणारे दाणे वाटीभर थंड पाण्यात टाका. पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, तरंगतं. अक्रोड, जर्दाळूच्या बियांची पूड, वाळू, सिलिका हे तळाला बसतं. टरफलाचे कण वाकडेतिकडे तपकिरी असतात आणि मणी बहुतेक गोल गुळगुळीत, जरी सगळ्या कंपन्यांचे नाही, काहींचे खडबडीत पण असतात.

तरंगलं म्हणजे लगेच प्लॅस्टिक असं नाही बरं का. होहोबाचं मेण पण मण्यांच्या रूपात घालतात आणि ते पण तरंगतं. म्हणून शेवटची पायरी, वाटीत उकळतं पाणी ओता आणि दोन मिनिटं थांबा. मेण असेल तर तुपासारखं वितळून वर तवंग येतो. पॉलिएथिलीन वितळायला शंभरच्या वर तापमान लागतं त्यामुळे ते मणी उकळत्या पाण्यात पण आरामात पोहत बसतात. तेच आपले. अजून खात्री हवी तर सुई सांडशीत धरून गॅसवर तापवा आणि दाण्याला टेकवा, प्लॅस्टिक सुईला चिकटून तार ओढतं, टरफल काळं पडतं आणि जळक्या लाकडाचा वास येतो. खिडकी उघडी ठेवा, आणि हे पोरांना एकट्याला करायला देऊ नका.

खाली बसणारं सगळं निर्धोक असं पण म्हणता येत नाही. पीईटी, नायलॉन हे पाण्यापेक्षा जड, ते बुडतात. म्हणून टेस्ट आणि लेबल दोन्ही.

टेस्ट झाली की फडकं सिंकमध्ये झटकू नका! फडकं मण्यांसकट वाळवून सुक्या कचऱ्यात.

सापडलं, आता त्या ट्यूबचं काय

"संपवून टाकते आणि मग नवीन नाही आणत" असं सगळ्याच म्हणतात. संपवणं म्हणजे सगळं कृष्णेत घालणंच की. ओतून पण टाकायचं नाही, ट्यूब धुवून भंगारात द्यायची नाही. झाकण घट्ट लावा, चिकटपट्टी मारा, कागदात गुंडाळून घंटागाडीला सुक्या कचऱ्यात द्या. कचरा डेपोत प्लॅस्टिक पडून राहणार हे काही चांगलं नाही, पण नदीतनं पावडर गोळा करण्यापेक्षा एका जागी ट्यूब पडलेली बरी. नवीन, सील न तोडलेलं असेल तर दुकानदाराला परत द्यायचा प्रयत्न करा, बिल पाहिजे.

बदल्यात काय

याचं उत्तर सांगलीत शोधायचं म्हणजे विहिरीजवळ बसून पाणी विचारण्यासारखं आहे. आपल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन मिळालंय, हरिपुरातली हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खड्डे, बघायला बाहेरनं लोक यायचे. आणि आपण वर्षातनं चार दिवस, तेही पहाटे अंघोळीला, उटणं लावतो आणि उरलेलं पाकीट पुढच्या वर्षीपर्यंत कपाटात.

माझं प्रमाण सांगते. मसूर डाळ कोरडीच मिक्सरला बारीक करून चार चमचे, संत्र्याची साल सावलीत वाळवून पूड दोन चमचे, मुलतानी माती एक चमचा, नागरमोथा आणि कचोरा मिळून एक चमचा, आंबेहळद अर्धा चमचा. स्वयंपाकाची हळद घातली तर चिमूटभरच, नाहीतर तोंड पिवळं आणि टॉवेल पण. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे वस्त्रगाळ करायचं, मिक्सरच्या भरड पुडीनं तोंड घासलं तर ओरखडे येतात. चाळून वर जे भरड उरतं ते टाकायचं नाही, ते पाठ-कोपर-गुडघ्याला. कोरडंच बरणीत ठेवा, भिजवलेलं उरवू नका, दुसऱ्या दिवशी आंबतं. तेलकट कातडीला दही किंवा गुलाबपाणी, कोरड्याला साय. लिंबू पिळू नका, लिंबू लावून उन्हात गेलेल्या एका मुलीच्या गालावर डाग उठलेले मी बघितलेत. पिंपल्स फुटलेल्या चेहऱ्यावर तर घासायचंच नाही, उटणं असो नाहीतर आणि काही.

पायाला वज्री, म्हणजे टाचा घासायची खरखरीत घासणी. जिला वज्री माहीत नाही तिनं आजीला विचारा. अंगाला घोसाळ्याची जाळी, वेलावरच वाळू द्यायचं घोसाळं, साल काढायची, बिया झटकायच्या, झाली. आमच्या माहेरी वाळवा तालुक्यात परसात एक वेल असला की घरादाराला वर्षभर पुरतं आणि फुटलं की शेणखतात टाकायचं. ओठाला पिठीसाखर आणि मध.

आणि ज्यांना हे सगळं करत बसायला वेळ नाही, मान्य आहे, नोकरी आहे, पोरं आहेत, त्यांनी बिनदाण्याचा साधा फेसवॉश घ्या आणि आठवड्यातनं एकदा ओल्या सुती पंचानं तोंड हलकं पुसा, तेवढ्यानं पण मेलेली कातडी निघते. अक्रोडाचं स्क्रब विकत मिळतं, पण ते गालाला जरा टोचतं, पायाला चांगलं.

पार्लरात आणि दुकानात कसं बोलायचं

घरातली एक ट्यूब वर्षभर जाते, पार्लरात किलोचा डबा महिन्यात संपतो, त्यामुळे खरं काम तिथं आहे. पण तिथं जाऊन "तुम्ही नदी घाण करताय" असं म्हणाल तर ती ताई पुढच्या वेळी थ्रेडिंग करताना राग काढेल तुमच्यावर. माझी जाऊ पार्लर चालवते, तिला मी पहिल्यांदा असंच सुनावलं आणि पंधरा दिवस अबोला. दुसऱ्यांदा मी काहीच बोलले नाही, तिच्याच डब्यातला चमचाभर स्क्रब तिच्यासमोर गाळला आणि उकळतं पाणी ओतलं. मणी तसेच तरंगताना बघितल्यावर ती स्वतःच म्हणाली, वहिनी, हे मी बायकांच्या तोंडाला लावतेय होय. आता फेशिअलला स्क्रबच्या जागी तांदळाची बारीक पिठी आणि दूध वापरते आणि त्याला "दूध-तांदूळ पॉलिश" नाव देऊन पन्नास रुपये जास्त घेते! धंदा आहे, असू दे.

तर तुम्ही गिऱ्हाईक म्हणून एवढंच विचारा, "ताई, स्क्रबचा डबा दाखवता का, मला यादी बघायचीय." पाच बायकांनी विचारलं की सहावीच्या आधी डबा बदलतो.

दुकानदाराला पण तसंच. मी दुकानदार आहे म्हणून सांगते, आम्ही लेबल वाचत नाही, आम्ही स्कीम बघतो, बारावर एक फ्री. गिऱ्हाईकानं दोनदा परत केलं की तिसऱ्यांदा आम्ही माल उचलत नाही. मी डिस्ट्रिब्यूटरकडं माल परत करायला गेले तेव्हा त्यानं आधी हसण्यावारी नेलं, मग म्हणाला एक्सपायरीचाच परत घेतो. शेवटी अर्ध्या मालाच्या बदल्यात साबण घेतला, बाकीचे पैसे बुडाले, साधारण दोन हजार. दुकानदारांनो, नवीन ऑर्डर देतानाच वाचा, नंतरची भांडणं महाग पडतात. रस्त्यावरच्या आणि ऑनलाईनच्या स्वस्त परदेशी मालाला विशेष जपा, आयात केलेल्या कॉस्मेटिकवर नोंदणी क्रमांक लागतो, नसेल तर हातच लावू नका.

कायद्याचा धागा कुठं धरायचा

बाहेर हे बरंच पुढं गेलंय. अमेरिकेत आधी इलिनॉय राज्यानं २०१४ मध्ये कायदा केला, मग २८ डिसेंबर २०१५ ला ओबामांनी देशभरच्या कायद्यावर सही केली, टूथपेस्टसकट धुवून टाकायच्या सगळ्या मालात मणी बंद, उत्पादन जुलै २०१७ पासून. कॅनडा, इंग्लंड, न्यूझीलंड २०१८ मध्ये. चीननं पण उत्पादन २०२० अखेर आणि विक्री २०२२ अखेर बंद ठरवली. युरोपीय संघाचा नियम १७ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला, त्यात घासायचे मणी लगेच बंद, पण लिपस्टिक, नेलपॉलिश, मेकअपसारख्या मालाला २०३५ पर्यंत मुदत दिलीय, म्हणजे तिथंही कंपन्यांनी ओढाताण केलीच.

आपल्याकडं २०१७ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं न कुजणारे प्लॅस्टिकचे मणी कॉस्मेटिकसाठी असुरक्षित घटकांच्या यादीत टाकले, २०२० पासून लागू. त्याच वर्षी आलेल्या कॉस्मेटिक नियमांप्रमाणं माल ब्यूरोच्या मानकांनुसार असावा लागतो. म्हणजे "भारतात यावर काहीच नाही" असं जे लोक म्हणतात ते चूक. कागद आहे, तपासणारा पाहिजे. आणि लोकांना वाटतं २०१८ च्या राज्याच्या प्लॅस्टिकबंदीत हे आलं असेल, ती पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांची, तिचा दाखला देऊन तक्रार केलीत तर तुमचा कागद बाजूला पडेल.

तक्रार करायची ती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, आणि तिथं औषध विभागाकडं, अन्न विभागाकडं नाही, मी चुकीच्या टेबलासमोर तासभर बसले होते. अर्ज साधा मराठीत चालतो: मालाचं नाव, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, उत्पादन परवाना क्रमांक, कुठनं घेतला, बिलाची झेरॉक्स, घटकांच्या यादीचा मोठा केलेला फोटो आणि मजकूर एवढाच की यात पॉलिएथिलीनचे कण असल्याचं लेबलवर लिहिलंय, मानक ब्यूरोच्या यादीप्रमाणं तपासणी करून कारवाई कळवावी. घरच्या टेस्टचा फोटो जोडा पण जोर लेबलवर द्या, गरम सुई त्यांना पुरावा म्हणून चालत नाही. शिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, तिथं मराठीत बोलता येतं. दोन महिने काहीच हललं नाही तर माहिती अधिकार, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारायचं की या वर्षात जिल्ह्यात कॉस्मेटिकचे किती नमुने घेतले आणि त्यात मण्यांसाठी किती तपासले. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा प्रश्न तक्रारीपेक्षा जास्त काम करतो असा माझा अनुभव आहे.

गावात असाल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातल्या एका ग्रामसभेत विषय घ्यायला लावा. गाव काही विक्रीवर बंदी घालू शकत नाही, पण गावातल्या दुकानदारांनी दाण्याचा माल ठेवू नये असं आवाहन ठरावात येऊ शकतं, आणि बचत गटाला उटण्याची पाकिटं करून त्याच दुकानात ठेवता येतात. अर्ज सभेच्या आधी आठ-दहा दिवस ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी द्या म्हणजे विषयपत्रिकेवर येतो, ऐनवेळी उठून बोललं तर पाणीपट्टीच्या भांडणात कोण ऐकत नाही. आणि अर्ज कुठंही द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासकट पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरनं उठू नका.